बॉबिनबाईंच्या कानांची परीक्षा

बॉबिनबाईंच्या घराचं दार त्यांच्या मुलाने सुताराकडून फोडून घेतलं, तेव्हा त्या आत खिडकीशी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. एक आडवा शब्द अडला होता. मागे काहीतरी हललं म्हणून त्यांनी मान वळवली, तर कडीचा तुकडा जमिनीवर घरंगळत होता आणि थोरला "आई! आई!" करत आत घुसत होता. त्याच्या मागे सुतार, सुतारामागे वरच्या मजल्यावरचे काका, आणि काकांच्या मागे अशा वेळी कुठून उगवतात ते कधीच कळत नाही असे आणखी चारदोन लोक.

बाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, "बेल वाजवायला काय झालं होतं?"

थोरला बेलच वाजवत होता. इतका वेळ, की बेलचं बटण आत अडकून बसलं होतं आणि ती अजूनही ठणाणा करत होती. बाईंना सोडून सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

त्याच दिवशी घरात बैठक बसली. धाकटीला बोलावून घेतलं. थोरला आणि धाकटी म्हणजे लहानपणापासूनची साप-मुंगसाची जोडी. एकाने खिडकी उघडावी, दुसरीने लावावी. पण त्या दिवशी दोघांचं एकमत झालं, आणि ते आईच्या विरोधात झालं. आईने आता एकटं राहायचं नाही. आळीपाळीने दोघांकडे राहायचं.

"आणि हे घर?" बाईंनी विचारलं.

"घराचं बघू," थोरला म्हणाला. मोठ्या माणसांच्या घराबद्दल मुलं 'बघू' म्हणतात, तेव्हा त्यांचं बरंचसं बघून झालेलं असतं.

बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. दोन खोल्यांचं घर. नवऱ्याच्या आणि स्वतःच्या पगारातून घेतलेलं. नवरा गेला, मुलं उडाली, पण घर राहिलं होतं आणि बाई त्यात राहिल्या होत्या. त्यांनी मुलांना ठणकावून सांगितलं, "मला ऐकू येतं. मी कोड्यात होते."

"आई, सुतार कुऱ्हाड चालवत होता," धाकटी म्हणाली.

शेवटी तोड निघाली. आईने कानाचं मशीन घ्यायचं. महिनाभर मुलं वाटेल तेव्हा फोन करणार. आईने तो उचलायचा आणि विचारलं त्याचं नीट उत्तर द्यायचं. जमलं तर आई इथेच राहील, विषय संपला. नाही जमलं, तर सामान बांधायचं.

फोनची अट धाकटीची. लेक ती लेकच, आईचं मर्म कुठे आहे ते तिला बरोबर ठाऊक.

आता हे मर्म काय, ते सांगायला हवं. बाईंची सगळी उमर सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात गेली. तिथे बॉबिनवरचं, म्हणजे छोट्या रिळावरचं, सूत शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळलं जातं. बाई ठेंगण्या, गोल आणि दिवसभर गरगर फिरणाऱ्या, म्हणून नाव पडलं बॉबिन. पुढे त्याला आदराने 'बाई' चिकटलं. खात्यात आवाज एवढा, की शेजारणीच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी तिला फक्त गरम हवा लागायची. मग बायका बोलायच्या कशा? ओठांनी. आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूच्या कागाळ्या सविस्तर सांगायची, मध्ये सुपरवायझर उभा असायचा आणि त्याला पत्ता नसायचा. काही कागाळ्या तर त्याच्याच असायच्या.

गिरणी बंद पडली, तोवर यंत्रांनी बायकांचे कान पोखरून टाकले होते. पण बॉबिनबाईंना ते कधी जाणवलंच नाही. समोरच्या माणसाचे ओठ दिसले की त्यांच्या डोक्यात आवाज आपोआप उमटायचा. मुलांना वाटायचं, आईला थोडं कमी ऐकू येतं. बाईंविषयीचं खासगी काही बोलायचं असलं की मुलं त्यांच्यासमोरच आवाज बारीक करून बोलायची. आवाज बारीक केला की माणूस ओठ जरा जास्तच हलवतो, हे त्यांना कोण सांगणार? बाई तर सांगणार नव्हत्या.

गल्लीपलीकडच्या खिडकीत त्यांची खात्यातली जोडीदारीण राहायची. तिला बाई 'समोरची' म्हणत, कारण ती गिरणीतही समोरच उभी असायची. दोघी रोज सकाळी आपापल्या खिडकीतून तासभर गप्पा मारायच्या. गल्लीतून जाणाऱ्याला एक चकार शब्द ऐकू यायचा नाही. दोन म्हाताऱ्या हवा चघळतायत एवढंच दिसायचं. समोरचीचे कानही तेवढेच गेलेले, पण तिला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तिचं दार फोडायला कोणी येत नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण फोनला ओठ नसतात.

थोरल्याने वेळ घालवला नाही. त्याने शहरातलं सगळ्यात भारी दुकान गाठलं. त्याला दुकान म्हणायची सोय नव्हती, ते 'श्रवण केंद्र' होतं. आत थंडगार, पायाखाली मऊ गालिचा, आणि भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दातांचे म्हातारा-म्हातारी हसत होते. त्यांना बहुधा एकमेकांचं ऐकू येत नसावं, नाहीतर इतकी वर्षं संसार करून कोणी तसं हसत नाही. पांढरा कोट घातलेल्या एका तरुण तज्ज्ञबाईने बाईंना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. "आजी, बारीकसा आवाज आला तरी दाबायचं हं."

स्वतः ती काचेपलीकडे, बाईंच्या अगदी समोर बसली.

बटण हातात आलं आणि बाईंचं अंग एकदम गिरणीत गेलं. गिरणीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. जिचे कान गेलेले निघतील, तिला खात्यातून काढून कचरा-सुताच्या गोदामात टाकायचे. त्यामुळे सगळ्या बायकांना एक विद्या पाठ होती : कान सोडायचे आणि आवाजाची कळ दाबणाऱ्या डॉक्टरचं कोपर बघायचं. कोपर हललं की हात वर. या विद्येच्या जोरावर ठार बहिऱ्या बायका वर्षानुवर्षं पहिल्या नंबराने पास होत होत्या.

तज्ज्ञबाईचं कोपर टेबलाखाली होतं, पण खांदा दिसत होता. दरवेळी तो किंचित खाली जायचा. बाईंनी बटण दाबलं. खांदा, बटण. खांदा, बटण. मग तिने शब्द उच्चारून दाखवले आणि बाईंनी ते तिच्या ओठांवरून टिपून धडाधड परत केले. बाईंना यात लबाडी केल्यासारखं वाटलंच नाही. परीक्षा होती, त्या पास होत होत्या.

आलेख बघून तज्ज्ञबाई चकित झाली. "या वयात असे कान! अगदी सौम्य घट आहे."

इथे कोणाही शहाण्या माणसाने विचारलं असतं, की कान इतके चांगले आहेत तर दार का फोडावं लागलं. पण थोरला माहितीपत्रकात बुडाला होता आणि तज्ज्ञबाईला विकायचं होतं. "सौम्य घटीसाठी तर आमचं सगळ्यात वरचं मॉडेलच उत्तम," ती म्हणाली, "कारण ते सूक्ष्म काम करतं." घट सौम्य म्हणून भारी मशीन. घट तीव्र असती, तर तीव्र म्हणून भारी मशीन लागलं असतं. या धंद्यात रोगी कसाही असो, औषध वरच्या फळीवरच असतं.

धाकटीला हे कळलं मात्र, ती औषधाच्या दुकानात गेली आणि खोकल्याचं औषध नि लहान मुलांची पावडर यांच्या मधून एक डबी उचलून घेऊन आली. तपासणी नाही, खांदा नाही, काही नाही. एक छोटं चाक होतं, ते फिरवलं की आवाज मोठा.

दोघं भाऊ-बहीण आईच्या दोन बाजूंना बसून भांडले.

"आईचे कान आहेत ते, ट्रान्झिस्टर नाही," थोरला म्हणाला. "माझ्या मशीनमध्ये चोवीस चॅनल आहेत. गोंगाट वेगळा, बोलणं वेगळं. चार्जिंग होतं. ॲप आहे."

"आईला कानात घालायचंय दादा, वरातीत मिरवायचं नाहीये. तुझ्या त्या किमतीत माझी स्कूटर आली असती."

"स्वस्त ते सुस्त!"

"आणि महाग ते काय, महान का?"

बाई दोन्ही ओठ आळीपाळीने बघत होत्या. दोन्हींवर 'आई' हा शब्द सारखा येत होता, पण आईकडे कोणीच बघत नव्हतं.

पंधरा दिवस थोरल्याचं मशीन आणि पंधरा दिवस धाकटीचं, असं ठरलं.

थोरल्याचं मशीन फारच सभ्य निघालं. कानामागे एवढंसं, बोराच्या बीएवढं, आणि वागायला पाहुण्यासारखं. आलं, बसलं, एक शब्द बोललं नाही. बोलणार तरी कसं? कान चांगले आहेत असं त्याला सांगितलं होतं, मग ते कशाला उगाच आवाज चढवील? फोन आला की फोन थरथरलेला दिसायचा म्हणून बाई उचलायच्या. पलीकडून नुसता फुगीर आवाज यायचा. शब्दांचं पोट यायचं, पण त्यांच्या कडा यायच्या नाहीत. दात नसलेल्या माणसाने उशीत तोंड खुपसून बोलावं तसं. गिरणी कानाचा आधी बारीक आवाजच खाते. स, श, फ, ट ही मंडळी सगळ्यात आधी जातात, आणि शब्दाची ओळख तर त्यांच्याच हातात.

"आई, गॅस बंद केलास का?"

"हो हो, आनंद आहे. तू कसा आहेस?"

थोरल्याने मोठा उसासा टाकला. तोही बाईंना ऐकू आला नाही.

एका संध्याकाळी बाईंनी मशीनवरचं बटण दाबून दाबून आवाज जरा वाढवला. बरं वाटलं. कपबशीची किणकिण पहिल्यांदा पोचली. पाच मिनिटांत ती आपोआप मावळली. पुन्हा वाढवला, पुन्हा मावळला. दुसऱ्या दिवशी थोरला आला आणि मोबाइल दाखवत कौतुकाने म्हणाला, "तू आवाज फार वाढवतेस, आई. बॅटरी उतरते. मी ऑफिसातून कमी केला. इथे सगळं दिसतं मला. तू कुठे आहेस तेसुद्धा नकाशावर दिसतं."

पण कान आपले आणि लगाम दुसऱ्याच्या हातात, हे बाईंच्या मनात कुसळासारखं रुतलं.

धाकटीचं मशीन याच्या अगदी उलट. सभ्यपणा त्याच्या गावीच नव्हता. पेपरचं पान उलटलं तर पत्र्याचं छप्पर उडाल्याचा आवाज. स्वतः चहाचा घोट घेतला तर विहिरीत पोहरा पडल्यासारखा. बोलणं मोठं झालं, पण भांडं, पाऊल, पंखा हेही सगळं तेवढंच मोठं झालं. जत्रेत हरवलेल्या मुलासारखा शब्द त्यात सापडेना. आणि फोन कानाशी नेला की मशीन अशी शिट्टी मारायचं, की पलीकडे धाकटीच किंचाळायची.

"आई! फोन लांब धर!"

लांब धरला की ऐकू येत नव्हतं, जवळ धरला की शिट्टी. आईची परीक्षा घेताना धाकटीचेच कान जायची वेळ आली.

महिना सरत आला. थोरल्याने एक फोटो पाठवला : 'तुझी खोली तयार आहे.' ज्या खोलीत त्याची व्यायामाची सायकल होती, ती खोली. सायकल तिथेच होती, तिला खेटून एक पलंग टाकला होता. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसत होते. आईने सायकलकडे बघत झोपायचं आणि पाइपांशी गप्पा मारायच्या, अशी सगळी सोय होती.

बाईंनी फोटो समोरचीला खिडकीतून दाखवला. तेवढ्या लांबून तिला काय दिसणार, पण बाईंचा चेहरा दिसला.

"दोन्ही मशिनं भिकार आहेत," बाई ओठांनी म्हणाल्या. "एक मुकं, एक वेडं. लुटारू आहेत सगळे."

"तपासणीत काय निघालं होतं?"

बाई हसल्या. त्यांनी आपला खांदा हळूच खाली पाडला आणि अंगठा दाबून दाखवला. समोरचीला लगेच कळलं. जगात ते कळेल असं तेवढं एकच माणूस उरलं होतं. पण ती हसली नाही.

"कॉपी करून पास झालीस," ती म्हणाली, "आणि आता पुस्तक वाचता येत नाही म्हणून पुस्तकाला शिव्या देतेस होय? अगं भवाने, गिरणीत नापास झालं की गोदामात टाकायचे. इथे पास झालीस म्हणून टाकतायत. एवढं कळत नाही तुला?"

आणि तिने खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाई दुसऱ्या दिवशी थोरल्याचं मशीन पिशवीत टाकून एकट्याच बसने श्रवण केंद्रात गेल्या. काचेच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खुर्ची ओढून फिरवली. भिंतीकडे तोंड, काचेकडे पाठ.

"आजी, सगळे इकडे तोंड करून बसतात," तज्ज्ञबाई पुढ्यात येऊन म्हणाली.

"म्हणूनच. तुमचा खांदा बोलतो, बाई."

तज्ज्ञबाई आधी गोंधळली, मग कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. खोलीला एवढी मोठी काच होती ती पेशंटसाठी नव्हतीच. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आत तपासणी चाललेली दिसावी आणि त्यांनीही आत यावं, म्हणून मालकाने ती बसवली होती.

तपासणी सुरू झाली. बाईंनी बटणावर अंगठा ठेवला आणि वाट पाहिली. भिंतीवर पांढऱ्या स्पंजचे चौकोन होते, त्यांच्याकडे पाहत राहिल्या. काहीच येईना. त्यांना वाटलं, अजून सुरू झालं नसेल. मग खूप उशिराने, खूप खालून, एक जाडा घुमारा आला. त्यांनी घाईने बटण दाबलं. पुन्हा काही नाही. बारीक आवाज येतात म्हणे, पक्ष्यासारखे. बाई कान देऊन थांबल्या आणि एकही पक्षी आला नाही. कोणाच्याही ओठांचा आधार नसलेल्या त्या खोलीत त्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपल्याजवळ किती थोडं उरलंय. अंगठ्याला घाम आला होता. उठून खुर्ची परत फिरवावी असं एकदा मनात आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पूर्ण नापास होईपर्यंत बसून राहिल्या.

नव्या आलेखातली रेघ डावीकडून निघाली आणि मध्यावरून कड्यावरून ढकलल्यासारखी खाली कोसळली. तज्ज्ञबाईने त्या रेघेप्रमाणे थोरल्याचं भारी मशीन पुन्हा लावलं, बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता सांगा, कसं वाटतंय?"

बाई दचकल्या. पाठीमागून कोणी बोललेलं कळण्याची त्यांची सवयच मोडली होती. त्या वाक्यात दोन 'स' होते, चांगले धारदार. किती दिवसांनी.

मग त्यांनी विचारलं, "याहून साधं काही आहे?"

तज्ज्ञबाईने इकडेतिकडे पाहिलं, मग काउंटरखालचा सगळ्यात तळातला खण ओढला. तो खण फारसा उघडला जात नसावा, करकरत आला. त्याची करकर बाईंनी आवडीने ऐकली. आतलं मशीन जरा जाड होतं, त्यात ना ॲप ना नकाशा, आणि बटणाएवढा सेल घालावा लागायचा. पण हे औषधाच्या दुकानातल्या डबीसारखं सरसकट ओरडणारं नव्हतं. आलेखाप्रमाणे जिथे खड्डा तिथे भर घालत होतं. खोलीत बसून बोलताना बाईंना दोन्हींत काडीचा फरक कळला नाही. खोलीतल्या फोनवर बोलून पाहिलं, तिथेही नाही. मग तज्ज्ञबाई त्यांना बाहेर रस्त्यावर घेऊन गेली. तिथे मात्र भारी मशीनने बस मागे सारली आणि माणसाचं बोलणं पुढे आणलं. साध्याने बस आणि बोलणं एकाच ताटात वाढलं. पैसा कुठेतरी लागलेला असतो, हे बाईंनी मोकळेपणाने मान्य केलं. ज्याला रोज चारचौघांत, गर्दीत बसायचंय, त्याने जरूर घ्यावं.

"पण मला घरात राहायचंय," त्या म्हणाल्या. "बेल, फोन, गॅसवरचं दूध. आणि माझी मैत्रीण तर आवाजच काढत नाही. हे भारी परत घ्या, महिन्याची मुदत आहे ना? खणातलं द्या. दोन्ही कानांना."

"आजी, मुलाने एवढ्या हौसेने…"

"हौस त्याची. कान माझे."

त्या रात्रीपासून फोन नीट लागला. म्हणजे फोन नेहमीसारखाच लागत होता, बाई लागल्या. थोरल्याने गॅसचं विचारलं, बाईंनी गॅसचंच सांगितलं. धाकटीने फिरवून फिरवून प्रश्न टाकले, बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि वर सुनावलं, "तुझ्या धुण्याच्या मशीनला तेल दे, कपडे धुताना करकरतंय." आईशी बोलताना थोरला दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतो, हेही आता त्यांना ऐकू यायला लागलं. ऐकू येण्याचे तोटेही असतात.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी निकाल लागला. आधीच्या चुका त्या दोन मशिनांच्या नावावर मांडल्या गेल्या. आई पास.

"बघ, शेवटी साधंच चाललं," धाकटी भावाला म्हणाली.

"माझ्याच दुकानातलं आहे ते," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, पण पलंगाचे पैसे फुकट गेल्यासारखा थोडा तिरपा.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. परीक्षा संपल्यावर पेपर कोण काढतो? बाईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरचीशी सविस्तर सल्लामसलत करून त्यांनी थोरल्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. धाकटीला लावला, तिनेही नाही.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. "आई, काय गं? मीटिंगमध्ये होतो. ऐकूच आला नाही."

"ऐकूच आला नाही?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज काळजीने भरून आला होता. "दोनदा केला मी. तुझ्या बहिणीलाही येत नाही म्हणे, कपडे धुवायला लागली की. मला घोर लागलाय बघ. एवढ्या मोठ्या घरात तुम्ही दोघं नवरा-बायको एकटे. उद्या काही झालं, तर? माझं ऐक. तुम्ही आता असं एकटं राहू नका. माझ्याकडे या. सायकलही आणा."

"आणि आमचं घर?" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

"घराचं बघू," बाई म्हणाल्या.

पलीकडे एकदम सामसूम झाली. मशीन बंद तर पडलं नाही ना, म्हणून बाईंनी कानाशी बोट नेऊन चाचपून पाहिलं. चालू होतं.